छावणीतला वारसा कसा सांभाळायचा: नोंदवहीपासून हस्तांतरापर्यंत

एका छावणीत वाहनतळासाठी जमीन सपाट करताना जेसीबीचं चाक अचानक खचलं. खाली चुन्यात बांधलेली विटांची कमान निघाली. जुन्या पाणीयोजनेची नहर होती ती. काम थांबलं, पण तोवर आठ-दहा फूट कमान फुटली होती. मी तिथे संवर्धनाच्या वेगळ्याच कामासाठी गेले होते. संध्याकाळी चौकशी केली तेव्हा कळलं, की बागेतल्या माळीकाकांना ही नहर ठाऊक होती, केव्हाच निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांना ठाऊक होती, आणि एमईएसच्या (लष्कराची बांधकामं आणि दुरुस्ती पाहणाऱ्या मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसच्या) कार्यालयातल्या एका पिवळ्या पडलेल्या नकाशावर ती निळ्या तुटक रेषेनं काढलेलीही होती. कामाच्या आदेशावर ज्यांनी सही केली त्यांना मात्र ठाऊक नव्हती. ते चार महिन्यांपूर्वीच बदलून आले होते.

लष्करी तळावरचा वारसा बहुतेक वेळा असाच जातो. अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतो, पलटण हलते, बुरूज मात्र जागच्या जागी राहतो आणि त्याची माहिती दर बदलीला थोडी थोडी गळत जाते. म्हणून खाली जे टप्पे सांगते आहे त्या सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: चार माणसांच्या डोक्यात असलेलं ज्ञान तळाच्या रोजच्या कागदात उतरवणं. वेगळा विभाग, वेगळा निधी, वेगळं पद यांची वाट पाहायची गरज नाही. स्टेशन मुख्यालयातला एखादा अधिकारी, एमईएसचा एखादा कनिष्ठ अभियंता, डिफेन्स इस्टेटच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या, कार्यालयातला एखादा कर्मचारी किंवा त्यांच्यासोबत काम करणारा संवर्धन वास्तुविशारद यांपैकी कुणीही सुरुवात करू शकतो.

हे सगळं आपल्याकडे किती आहे याची कल्पना येण्यासाठी महाराष्ट्रातली चारच ठिकाणं घ्या. अहमदनगरचा भुईकोट निजामशाहीचा. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं तो घेतला, १९४२ च्या ऑगस्टपासून काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे स्थानबद्ध होते, आणि आजही किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. तिथल्या किल्ल्यावर प्रादेशिक सेनेची तुकडी आहे. पुरंदरावर १४ मे १६५७ रोजी संभाजीराजांचा जन्म झाला, पुढे इंग्रजांनी त्याच गडावर सैनिकांसाठी आरोग्यधाम केलं, दुसऱ्या महायुद्धात कैदी ठेवले. आजही गडावर जाताना लष्करी चौकी ओलांडावी लागते. मुंबईत जुन्या बॉम्बे कॅसलचे अवशेष नौदलाच्या आयएनएस आंग्रे या तळाच्या आत आहेत. राज्यात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशा सात छावण्या. यांतल्या कुठल्याही छावणीत फिरा: चर्च, दफनभूमी, दगडी बराकी, पाणवठे, पीर, मारुती, मैलाचे दगड पावलापावलावर भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही सरकारी यादीत नसतं.

पहिला टप्पा: जमीन कुणाची आणि कायदा कोणता

प्रत्यक्ष फिरायच्या आधी दोन दिवस कागदांत घालवा. डिफेन्स इस्टेट ऑफिसरच्या कार्यालयात जनरल लँड रजिस्टर असतं. छावणीतल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा वर्ग त्यात लिहिलेला असतो: अ-१ म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन, ब-३ म्हणजे खासगी धारकांकडची, क म्हणजे कँटोन्मेंट मंडळाकडची. हे वर्ग १९३७ च्या छावणी जमीन नियमांतून आले आहेत. एखादा बंगला ‘ओल्ड ग्रांट’वर असेल तर जमीन सरकारची आणि वरच्या बांधकामावर हक्क धारकाचा, अशी दुहेरी स्थिती असते. हे आधी स्पष्ट नसेल, तर नंतर कौलं बदलायची कुणी यावरच वर्ष जातं आणि तेवढ्या काळात वासे कुजतात.

मग कायद्याचा प्रश्न. एखादी वास्तू १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायद्याखाली केंद्र-संरक्षित असेल, तर तिची डागडुजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम आहे. तळानं स्वतःहून एक घमेलंही माल लावायचा नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, आधीच्या इमारतीच्या दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येतं, पण परवानगी घेऊन. लष्कराची जमीन आहे म्हणून हा नियम आपोआप गळून पडतो, असा समज मी अनेकदा ऐकला आहे. त्या समजावर विसंबून काम काढू नका. हद्द मोजून घ्या आणि लेखी विचारा. राज्य-संरक्षित वास्तूंसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे.

ज्या वास्तूचं नाव दोन्ही यादीत नाही, तिचं रक्षण करायला तुमच्या नोंदवहीशिवाय दुसरं काही नाही. तळावरच्या बहुतांश वास्तू याच गटात पडतात, त्यामुळे पुढचा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा.

दुसरा टप्पा: नोंदवही

नोंदवही म्हणजे जाड, शिवलेली, पानांना क्रमांक असलेली वही. संगणकावर प्रत जरूर ठेवा, पण मूळ वही हवीच. संगणक बदलतो, पासवर्ड बदलीबरोबर जातो. स्टेशन मुख्यालयातल्या कपाटातली क्रमांकित वही मात्र प्रत्येक हस्तांतरात मोजली जाते.

पायी फिरा. गाडीतून तटबंदी दिसते, मैलाचा दगड दिसत नाही. सर्वांत चांगला काळ एप्रिल-मे, जेव्हा गवत वाळलेलं असतं आणि जमिनीचा उंचसखलपणा उघडा पडतो. सकाळी सातच्या आत निघा, तिरप्या उन्हात बुजलेली जोती आणि जुन्या वाटा सावल्यांनी उठून दिसतात. पावसाळा संपता संपता आणखी एक फेरी करा. जमिनीखाली भिंत असेल तिथे गवत आधी पिवळं पडतं, जुना चर किंवा आड बुजवलेला असेल तिथे ते जास्त दिवस हिरवं राहतं.

सोबत कोण हवं? एक जेसीओ (सुभेदार दर्जाचा कनिष्ठ अधिकारी), एमईएसचा एक माणूस, आणि तळावर सर्वांत जास्त वर्षं काढलेली दोन-तीन नागरी माणसं: माळी, धोबी, कँटीनचा जुना ठेकेदार, पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्हमन. अधिकारी बदलतात, ही माणसं नाही. त्यांना ‘इथे काय ऐतिहासिक आहे?’ असं विचारलंत तर ती गप्प बसतील. ‘काका, पूर्वी पाणी कुठून यायचं? दसऱ्याला आपटा कुठून आणायचे? कुठल्या झाडाखाली काम करायला लोक नको म्हणतात?’ असं विचारा. एका पिंपळाखालची शेंदूर फासलेली शिळा वीरगळ निघाली होती, ती अशाच एका प्रश्नातून.

शेजारच्या गावांतही जा. सरावाची मैदानं गावांच्या जमिनीवर उभी राहिली आहेत. अहमदनगरजवळच्या के. के. रेंजच्या नावात खारे-कर्जुने हे गावाचंच नाव आहे. अशा मैदानांच्या हद्दीत ग्रामदैवतं, समाध्या, जुन्या विहिरी असू शकतात आणि त्या कुठे आहेत हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोटावर सांगता येतं. ती माहिती घेताना त्यांना खोटी आशा दाखवू नका. जमीन परत देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसतो. समाधीची नोंद करण्याचा असतो, तेवढंच सांगा.

प्रत्येक वास्तूला एक पान. क्रमांक, लोक म्हणतात ते नाव, सर्व्हे नंबर, ठिकाण, कशाची बांधणी, अंदाजे काळ आणि तो अंदाज कशावरून केला, आजची अवस्था, सध्या वापर कोण करतं, आणि माहिती कुणी दिली. शिलालेख असेल तर जसाच्या तसा उतरवा, न कळलेलं अक्षर कळल्यासारखं लिहू नका. मोजमाप टेपनं घ्या. चार बाजूंनी चार फोटो आणि एक फोटो पट्टी ठेवून.

फोटोंबद्दल जरा थांबून सांगते. लष्करी तळ १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येतो. कॅमेरा कुठला, कोण वापरणार, फोटो कुठे साठवणार याची लेखी परवानगी कामाआधी घ्या. स्वतःचा मोबाईल नको: तो फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश साठवतो आणि तुम्हाला न विचारता फोटो ऑनलाइन चढवतो. ड्रोनचा विषयही काढू नका. नकाशाच्या दोन प्रती करा. एक संपूर्ण, ती मुख्यालयाबाहेर जात नाही. दुसरीत फक्त वास्तू आणि सार्वजनिक रस्ते, आजूबाजूच्या लष्करी इमारती कोऱ्या. पुरातत्त्व खात्याला किंवा विद्यापीठाला दाखवायची ती ही.

जंगम वारसा लोक हमखास विसरतात. मेसमधली चांदी, जुनी तैलचित्रं, पलटणीचे ढोल, तोफा, चर्चमधल्या पितळी पाट्या, घड्याळं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर वर्षांवरचं, पुरावशेष ठरू शकतं. दगडी किंवा धातूच्या मूर्तींच्या बाबतीत नोंदणीचा प्रश्न येतो. आणि कागद! जुने नकाशे, इमारतींच्या नोंदवह्या ‘निकामी’ ठरवून जाळायची पद्धत फार घातक आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे, की १८९२ पूर्वीचा कागद, तो वापरण्याच्या पलीकडे खराब झाला आहे असं अभिलेखागाराच्या महासंचालकांचं मत असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. रेकॉर्ड रूमच्या दारावर हे वाक्य मोठ्या अक्षरात चिकटवा. तळावर कागद उरलेच नसतील, तर मुंबईच्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने खंड चाळा. बराकीचा खर्च, दगड कुठून आला, छपराचं लाकूड कुठलं, असं बरंच त्यांत सापडतं.

तिसरा टप्पा: प्रतवारी

इथे फार वेळ घालवू नका. तीन रंग पुरतात. लाल: हात लावायचा नाही, आधी तज्ज्ञ. पिवळा: वापर चालू ठेवा, पण बदल विचारून. हिरवा: नोंद झाली, फोटो झाले, आता गरजेप्रमाणे निर्णय घ्या. सगळंच लाल केलंत तर वर्षभरात कुणी नोंदवही उघडणार नाही. १९६० नंतरची प्रत्येक पत्र्याची शेड वाचवण्याचा हट्ट मी करत नाही, आणि तुम्हीही करू नका. त्या हट्टापायी खरोखर मोलाची वास्तू गमावल्याचं मी पाहिलं आहे. प्रत ठरवताना एकट्यानं ठरवू नका. तिघांची छोटी समिती करा आणि कारण दोन ओळींत लिहा.

चौथा टप्पा: कामाच्या फाईलमध्ये शिरायचं कसं

नोंदवही कपाटात राहिली तर माळीकाकांच्या आठवणीत आणि तिच्यात फरक उरत नाही. नवी इमारत, रस्ता, केबलचा चर, पाण्याची लाइन, काहीही असो. जागा ठरवण्यासाठी सायटिंग बोर्ड बसतो. त्या बोर्डाच्या कार्यवृत्तात एक वाक्य सक्तीचं करून घ्या: ‘प्रस्तावित जागा वारसा नोंदवहीतील क्रमांक अमुकपासून इतक्या मीटरवर आहे’ किंवा ‘पन्नास मीटरच्या आत नोंद नाही’. हे वाक्य नसेल तर कागद पुढे जाणार नाही, असा स्टेशन कमांडरचा स्थायी आदेश हवा. बोर्ड बसला की तिथे फक्त दहा मिनिटं लागतात. प्रशासकीय मान्यता मिळून ठेकेदार नेमल्यावर तेच काम थांबवायचं तर महिने जातात आणि सगळे चिडतात.

तळाच्या झोनल प्लॅनवर, म्हणजे कुठली जागा कशासाठी हे दाखवणाऱ्या नकाशावर, लाल आणि पिवळ्या वास्तू उतरवा. तो नकाशा प्रत्येक नव्या प्रस्तावाला उघडला जातोच.

छोट्या कामांवर खास लक्ष द्या. मोठ्या प्रकल्पाला चार जण तपासतात, पण एअर कंडिशनरसाठी भिंतीला पाडलेलं भोक, बुरुजावर बसवलेला अँटेना, पाहणीच्या आधल्या आठवड्यातली रंगरंगोटी यांना फाईलच नसते. पाहुणे यायचे असले की छावणीत झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लागतो. त्याच उत्साहात तोफेवर काळा ऑइलपेंट चढतो, शिलालेखाच्या अक्षरांत लाल रंग भरला जातो आणि पितळी स्मृतिपाटी पॉलिशनं इतकी घासली जाते की काही वर्षांत नावं पुसट होतात. हे सगळं जवान मनापासून करतात, चकाचक ठेवण्याची शिस्त त्यांच्या हाडात आहे. तीच शिस्त कामाला लावा. ‘या वस्तूची स्वच्छता: मऊ ब्रश, कोरडं फडकं, महिन्यातून एकदा’ असा लेखी आदेश दिला की तो तितक्याच निष्ठेनं पाळला जातो.

पाचवा टप्पा: देखभालीचं वर्ष

दख्खनच्या वास्तूंचं पहिलं दुखणं पाणी आणि दुसरं सिमेंट, तेही बहुधा पाणी थांबवण्यासाठी लावलेलं.

मे महिन्यात छपरावरची पन्हळं, तटावरच्या पाण्याच्या वाटा, खंदकातले निचरे साफ करा. सगळ्या कामांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. एक फटीग पार्टी (अंगमेहनतीच्या कामाला लावलेली जवानांची टोळी), दोन दिवस. जून ते सप्टेंबर दुरुस्ती करू नका, निरीक्षण करा: ओल कुठे आली तिथे पेन्सिलनं कड आखा आणि तारीख घाला. पुढच्या पंधरवड्यात ओल कडेबाहेर गेली की नाही ते दिसतं.

ऑक्टोबर म्हणजे वड-पिंपळाच्या रोपांचा महिना. बोटाएवढी असतानाच काढा. मोठ्या झालेल्या पिंपळाला कुऱ्हाड लावायला आपल्याकडे मजूर धजत नाहीत, आणि त्यांची श्रद्धा मोडून काम करून घेण्यात अर्थ नाही. लहान रोप मात्र कुंडीत लावून रोपवाटिकेत देता येतं, कुणाचीच हरकत नसते. मुळं भिंतीत घुसली असतील तर ओढू नका, ओढलं की चिरेही बाहेर येतात. खोड कापा, ताज्या कापावर तणनाशक ब्रशनं लावा, मूळ पूर्ण मरू द्या आणि मग पोकळी चुन्याच्या पातळ मालानं भरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी चुन्याची कामं. जुन्या चुन्याच्या बांधकामात सिमेंटच्या दरजा भरू नका. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं; मग क्षार साठतात आणि विटेचा, मऊ दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा सुटतो. दरजा टणक, वीट कमकुवत, अशी उलटी अवस्था होते. सिमेंटची दरज काढताना यंत्र लावू नका, छिन्नी आणि धीर असलेला गवंडी लावा. आधी जुन्या मालाचा नमुना तपासून घ्या, मग प्रमाण ठरवा. बऱ्याच ठिकाणी एक भाग चुना आणि तीन भाग वाळू इथून सुरुवात करता येते, ओलसर जागी विटांचा चुरा मिसळून. कळीचा चुना निदान काही आठवडे आधी विरवून पाण्याखाली ठेवावा लागतो. म्हणून चुन्याचं टाकं दिवाळीआधी भरलेलं हवं आणि त्याची तरतूद उन्हाळ्यातच झालेली हवी. काम झाल्यावर ओलं गोणपाट लावून किमान आठवडाभर भिंत ओलसर ठेवा. एमईएसच्या दरपत्रकाशी हे जुळत नाही अशी अडचण सांगितली जाते. त्यासाठी एका छोट्या भिंतीवर नमुना काम करून, लागलेला माल आणि मजुरी मोजून दरविश्लेषण जोडा. आकडे समोर असले की चर्चा पुढे सरकते.

मार्च-एप्रिलमध्ये वाळलेलं गवत पेटतं. लाकडी छपराच्या इमारतींभोवती आणि फायरिंग रेंजवरच्या वास्तूंभोवती जाळपट्टा काढा.

तोफांसाठी वेगळं सांगते. जुनी तोफ रिकामीच आहे असं धरून चालू नका. आत जुना बार राहिलेला असू शकतो. जवळ वेल्डिंग, ड्रिलिंग, शेकोटी नको, आधी जाणकारांकडून तपासणी. मग ती जमिनीवरून उचलून दगडी किंवा लाकडी ओट्यावर ठेवा, तोंड किंचित खाली झुकवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि तोंडावर लाकडी झाकण बसवा. तोंडात सिमेंट ओतून बंद केलेल्या तोफा पाहिल्या की पोटात कालवतं. आत अडकलेली ओल त्यांना आतून खात असते.

सहावा टप्पा: खणताना काही सापडलं तर

याची कार्डं छापून प्रत्येक ठेकेदाराला, प्रत्येक खोदकाम करणाऱ्या तुकडीला द्या. खोदकाम थांबवा. गोळा, फ्यूज, संशयास्पद धातू दिसला तर सगळ्यांना दूर न्या आणि बॉम्बशोधक पथकाला कळवा. बाकी सगळं त्यानंतर. हाडं दिसली तर आधी पोलीस. यांपैकी काही नसेल तर दोरी बांधा, पट्टी ठेवून फोटो काढा, वस्तू उचलू नका, धुऊ नका, ताडपत्रीनं झाका. ताबडतोब स्टेशन मुख्यालय, आणि तिथून पुरातत्त्व खातं.

नाणी, दागिने, पुरलेलं काही मोलाचं निघालं तर १८७८ चा भूमिगत धन कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काहीही जमिनीत सापडलं तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. लष्करी हद्दीत सापडलं म्हणून ते मेसच्या काचेच्या कपाटात जात नाही.

वाळूच्या पोत्यांबद्दल बोलायलाच हवं. २००३-०४ मध्ये इराकमध्ये प्राचीन बॅबिलोनच्या अवशेषांवरच अमेरिकी आणि पोलिश सैन्याचा तळ होता. ब्रिटिश म्युझियमचे जॉन कर्टिस यांनी पाहणी करून दिलेला अहवाल जानेवारी २००५ मध्ये पुढे आला: प्राचीन थर कापून चर खणलेले, बाहेरची खडी आणून पसरलेली, आणि संरक्षणासाठी रचलेल्या पोत्यांत भरलेली माती खापरांनी, जुन्या विटांच्या तुकड्यांनी भरलेली. पोती भरणाऱ्या सैनिकाला पायाखाली काय आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर अमेरिकेच्या फोर्ट ड्रम तळावरच्या पुरातत्त्वज्ञ लॉरी रश यांच्या प्रयत्नांतून, इराक आणि अफगाणिस्तानात जाणाऱ्या सैनिकांसाठी खेळायच्या पत्त्यांवर पुरास्थळांची चित्रं आणि सूचना छापल्या गेल्या. मला ही कल्पना फार आवडते, कारण सैनिकाच्या खिशात जे आधीच असतं त्यातूनच ती शिकवते.

आपल्याकडे तेच काम सैनिक संमेलनात होऊ शकतं. वर्षातून दोनदा वीस मिनिटं. भाषण नको, तळावरच्याच वास्तूचे फोटो आणि ‘पोत्यांसाठी माती इथून घ्यायची, इथून नाही’ असा नकाशा. युद्धात सांस्कृतिक वारशाचं रक्षण व्हावं म्हणून झालेल्या १९५४ च्या हेग कराराला भारतानं १९५८ मध्ये मान्यता दिली आहे, आणि त्याच्या सातव्या कलमात सशस्त्र दलांनी शांततेच्या काळातच सांस्कृतिक वारशाची जाण सैनिकांत रुजवावी, त्यासाठी जाणकार माणसं तयार करावीत, असं म्हटलं आहे. कमांडरना पटवताना हे कलम हाताशी ठेवा.

सातवा टप्पा: लोकांना आत येऊ द्यायचं का

शक्य तिथे, हो. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो आणि नागपूरकर रांगा लावतात. अलाहाबादच्या किल्ल्यातला अक्षयवट जानेवारी २०१९ मध्ये भाविकांसाठी खुला झाला. किल्ला लष्कराकडेच आहे. म्हणजे दार पूर्ण बंद किंवा सताड उघडं, एवढे दोनच पर्याय नसतात. ठरलेले दिवस, ठरलेली वाट, ओळखपत्राची नोंद, आणि वाट दाखवणारा एक माहीतगार माणूस. रेंजमधल्या देवळाची जत्रा असेल तर त्या दिवशी गोळीबार बंद, आदल्या दिवशी वाटेची न फुटलेल्या दारूगोळ्यासाठी तपासणी, आणि गावच्या सरपंचांशी महिनाभर आधी बोलणी. भेटीचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा. अचानक नकार दिला की लोक दुखावतात, आणि नंतर तेच लोक माहिती द्यायला येत नाहीत.

दफनभूमीकडे मात्र वेगळ्या नजरेनं बघा. खडकीच्या युद्धस्मशानभूमीची देखभाल कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोग करतो, ती नीटस आहे. छावण्यांमधल्या त्याहून जुन्या दफनभूमींना असा पालक नाही. तिथे कोणाचे तरी पणतू दूरदेशाहून पत्र पाठवतात, कबर सापडेल का म्हणून. निदान थडग्यांचे लेख उतरवून ठेवा. चुनखडीचे आणि वालुकाश्माचे लेख दर पावसाळ्यात थोडे थोडे जातात.

आठवा टप्पा: हस्तांतर

बदलीच्या वेळी होणाऱ्या हस्तांतराच्या कागदाला वारशाची दोन पानी पुरवणी जोडा. लाल वास्तूंची यादी, चालू कामं, प्रलंबित परवानग्या, आणि तळाबाहेरच्या संबंधितांची पदं: पुरातत्त्व खात्याचं मंडळ कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय, डिफेन्स इस्टेट. देणारा आणि घेणारा दोघांनी मिळून लाल वास्तूंची एक फेरी मारायची आणि नोंदवहीत तारखेसह सही करायची. शस्त्रागार मोजून घेतात, तसंच.

आणखी एक हस्तांतर आता दारात आहे. हिमाचलमधलं योलचं कँटोन्मेंट मंडळ एप्रिल २०२३ मध्ये बरखास्त झालं आणि इतर छावण्यांचे नागरी भाग स्थानिक संस्थांकडे देण्याची प्रक्रिया चालू आहे. तुमच्या छावणीची वेळ येण्याआधी नागरी भागातल्या वास्तूंची पानं नोंदवहीत पूर्ण करा आणि त्यांची प्रत नगरपालिका किंवा महापालिकेच्या वारसा कक्षाकडे पोचवा. हद्दीची रेघ हलते तेव्हा दोन्ही कार्यालयं वास्तू दुसऱ्याची समजतात.

त्या नहरीच्या छावणीत वाहनतळ शेवटी थोडा पूर्वेला सरकला. फुटलेली कमान चुन्यात परत बांधली आणि नहर झोनल प्लॅनवर आली. नोंदवहीच्या पहिल्या पानावर माहिती देणाऱ्याच्या रकान्यात माळीकाकांचं नाव आहे. त्या फेरीत त्यांनी नहरीचे आणखी दोन उच्छ्वास, म्हणजे हवा खेळण्यासाठी वर काढलेली तोंडं, दाखवले. एक झुडपात होता. दुसरा मेसच्या हिरवळीखाली आहे, आणि तिथे आता तंबूची मेख ठोकायला मनाई आहे.